बिल्ला खरा, बिलाचं काय?

प्रश्न : न्यू जर्सीत राहणारे, मूळचे कोल्हापूरचे एक वाचक १९७८ ची शेवरोले कॉर्व्हेट घ्यायला निघाले आहेत. जाहिरातीत गाडीला ‘सिल्व्हर अ‍ॅनिव्हर्सरी एडिशन’ म्हटलं आहे आणि साध्या कॉर्व्हेटपेक्षा सहा हजार डॉलर जादा मागितले आहेत. गाडीच्या नाकावर २५ व्या वर्धापन वर्षाचा बिल्ला आहे. तो कारखान्यात लावलेला की मागाहून चिकटवलेला, हे कसं ओळखायचं, असं त्यांनी विचारलं आहे. सोबत बिल्ल्याचे जवळून काढलेले नऊ फोटो आहेत. पत्राच्या शेवटी ओघात आणखी तीन गोष्टी येतात : वय ५६ आहे, निम्मी रक्कम निवृत्तीसाठीच्या ४०१(के) खात्यातून काढणार आहेत आणि ‘ही गुंतवणूकच आहे’ असं पत्नीला सांगून झालं आहे. पुढे गाडी कोल्हापूरला नेता येईल का, हेही त्यांना जाणून घ्यायचं आहे.

उत्तर : बिल्ला बहुधा खराच असेल. त्यावरून एडिशन मात्र ठरत नाही.

कॉर्व्हेट १९५३ साली बाजारात आली. पंचविशी साजरी करताना कंपनीने १९७८ च्या प्रत्येक कॉर्व्हेटवर वर्धापनाचा बिल्ला लावला. त्या वर्षी सेंट लुईसच्या कारखान्यातून ४६,७७६ गाड्या बाहेर पडल्या आणि त्या सगळ्यांवर तो होता. ‘सिल्व्हर अ‍ॅनिव्हर्सरी’ हा मात्र ३९९ डॉलर जादा देऊन घेण्याचा दुरंगी रंगाचा पर्याय होता : वर चंदेरी, खाली गडद चंदेरी, मधे बारीक रेघ. त्याचा कोड बी२झेड. अशा गाड्या निघाल्या १५,२८३, म्हणजे जवळपास तीनात एक. इंडियानापोलिस ५०० शर्यतीच्या ‘पेस कार’च्या ६,५०२ प्रतिकृती वेगळ्या, त्या वर काळ्या, खाली चंदेरी. त्यांच्या अनुक्रमांकांची मालिकाही स्वतंत्र होती, ९००००१ पासून ९०६५०२ पर्यंत. त्यामुळे पेस कारचं सोंग चासी क्रमांकावरून लगेच उघडं पडतं. चंदेरी गाडीला ही सोय नाही. तिचे क्रमांक साध्या गाड्यांच्याच रांगेतले आहेत, आणि चंदेरी रंग कुठल्याही गॅरेजात मारून मिळतो.

असं एकदाच घडलेलं नाही. २००३ साली ५० व्या वर्धापनाची खास लाल आवृत्ती निघाली, पण पन्नाशीचं चिन्ह त्या वर्षीच्या सगळ्याच कॉर्व्हेटवर होतं. फोर्डनेही १९९० च्या साध्या मस्टँगच्या डॅशबोर्डवर २५ वर्षांची पट्टी बसवली होती. वर्धापन गाडीच्या घराण्याचं असतं. हातात आलेली गाडी खास आवृत्तीची असेलच असं नाही.

म्हणून पत्रलेखकाने विचारायला हवा होता तो प्रश्न असा : विक्रेता सहा हजार डॉलर ज्या शब्दासाठी घेतो आहे, तो शब्द सहीच्या कागदावर लिहून देणार आहे का?

माणसं बुडतात ती इथे. जाहिरातीत ‘एडिशन’ असतं, फोनवर असतं, गाडी दाखवताना दहा वेळा उच्चारलं जातं. बिल ऑफ सेलवर मात्र उरतं एवढंच : १९७८ शेवरोले कॉर्व्हेट, चासी क्रमांक, मैल, आणि ‘जशी आहे तशी’. खाली बारीक अक्षरांत एक ओळ असते, की या कागदाबाहेर दोघांत दुसरं काहीही ठरलेलं नाही. अशी सही झाली, की जाहिरातीतला शब्द न्यायालयात पुढे आणणं फार अवघड होऊन बसतं.

न्यू जर्सीत लागू असलेल्या युनिफॉर्म कमर्शियल कोडनुसार (कलम २-३१३) मालाचं वर्णन व्यवहाराचा आधार असेल, तर ते वर्णन हीच हमी ठरते. ‘गॅरंटी’ हा शब्द लागत नाही आणि फसवण्याचा हेतूही सिद्ध करावा लागत नाही. खासगी विक्रेताही यातून सुटत नाही. ‘जशी आहे तशी’ या शब्दांनी गाडीच्या दर्जाबद्दलची गृहीत हमी जाते. बिलावर स्पष्ट लिहिलेलं वर्णन त्याने सहसा पुसलं जात नाही. त्या एका शब्दाची किंमत एवढी आहे.

तोच शब्द पुढे उलटतो. या सल्लागाराकडे आलेल्या एका गृहस्थांनी अशीच गाडी बिल्ला पाहून घेतली, पाच वर्षं जिवापाड सांभाळली आणि विकताना आपल्या बिलावर प्रामाणिकपणे ‘अ‍ॅनिव्हर्सरी एडिशन’ लिहून दिलं. नव्या मालकाने पेट्रोलची टाकी उतरवली. तिच्यावर कारखान्यात चिकटवलेल्या पर्यायांच्या कागदावर बी२झेड नव्हतं. फरकाची रक्कम या गृहस्थांना भरावी लागली. आपल्या विक्रेत्याकडे मागायला गेले, तर चार वर्षांची मुदत उलटलेली. ही मुदत साधारणपणे गाडी ताब्यात आल्या दिवसापासून मोजतात, खोट कळल्या दिवसापासून नव्हे. शिवाय त्यांच्या स्वतःच्या खरेदीच्या बिलावर तो शब्द नव्हताच.

तेव्हा पैसे देण्याआधी पत्रलेखकाने गाडी लिफ्टवर घ्यायला लावावी. कॉर्व्हेट जाणणारा मेकॅनिक स्वतः निवडावा, त्याचे पैसेही स्वतः द्यावेत. पेट्रोलच्या टाकीच्या वरच्या बाजूला चिकटवलेला कागद पाहावा; पर्यायांचे कोड त्यावर असतात. तो कुजलेला असू शकतो, आणि नव्याने छापलेला नमुना विकतही मिळतो, म्हणून एकट्या त्या कागदावर विसंबू नये. गाडीवरच्या पट्टीचा रंगाचा कोड, काचेवरचं मूळ किंमतपत्रक, पहिल्या डीलरचं बिल यांतल्या निदान दोन गोष्टी त्याच्याशी जुळायला हव्यात. दाराच्या आतल्या कडांवर आणि बॉनेटखाली दुसऱ्या रंगाचा मागमूस दिसला, तर पुढची बोलणी साध्या गाडीच्या भावाने करावी.

बिलावर चार गोष्टी लिहून घ्याव्यात : गाडी कारखान्यातून बी२झेड पर्यायासह निघाली आहे, खरेदीदार या वर्णनावर विसंबून पैसे देत आहे, जाहिरातीची प्रत बिलाला जोडली आहे, वर्णन खोटं ठरल्यास विक्रेता गाडी परत घेईल. विक्रेत्याने नकार दिला, तर जादा सहा हजारांचा विषय तिथेच संपतो. ताबा घेतल्यावर शंका आली, तर लगेच लेखी कळवावं. उशिराने तक्रार केल्यास दावाच बाद होऊ शकतो.

विक्रेत्याने स्वतः छापलेलं ‘अस्सलपणाचं प्रमाणपत्र’ घेऊ नये. बिल्ल्याच्या फोटोंवरून कुणाचा अभिप्राय विकत घेऊ नये.

कोल्हापूरचा बेत तूर्त सोडावा. गाडी डाव्या स्टिअरिंगची आहे, वापरलेल्या गाड्यांच्या आयातीवर भारतात कडक बंधनं आहेत आणि सीमाशुल्क गाडीच्या किमतीपेक्षाही जास्त होतं. व्हिंटेज म्हणून नोंदणीसाठी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली असावी लागतात. ही गाडी अजून त्यात बसत नाही.

राहता राहिलं ४०१(के). पत्रातली खरी काळजी ही आहे, बिल्ल्याचा प्रश्न तिच्या आडून आला आहे. साडेएकोणसाठच्या आधी ते पैसे काढले, तर सहसा आयकर लागतो आणि वर १० टक्के दंड. पंधरा हजारांवर भावंडं असलेल्या रंगासाठी हा दंड भरणं शहाणपणाचं नाही. पत्रलेखकाला गाडी आवडली असेल, तर ती बचतीला हात न लावता, साध्या कॉर्व्हेटच्या भावाने, हौस म्हणून घ्यावी आणि ‘गुंतवणूक’ हा शब्द पत्नीसमोर आजच मागे घ्यावा. टाकीवरच्या कागदाचा फोटो मिळेपर्यंत विसार देऊ नये.