समुद्रकाठचा अभ्यासप्रवास : एका विद्यार्थिनीची वही



सहलींसंबंधीच्या परिपत्रकांत आपण बहुधा गाडीभाडे, पालकांची संमतिपत्रे आणि भोजनाची व्यवस्था यांचाच विचार करतो. सहलीत पाहिलेले वहीत कसे उतरते, याविषयी लिहिण्याचा प्रसंग क्वचितच येतो. या वेळी तो एका विद्यार्थिनीमुळे आला. ती माझ्या हाताखाली सातवीत होती. आता महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकते. गेल्या फाल्गुनात ती नऊ दिवसांच्या फिरत्या सागरी अभ्यासवर्गास गेली होती. हरिहरेश्वर, वेळास, रत्नागिरी आणि मालवण असा किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकत जाणारा तो वर्ग होता. आपला जिल्हा समुद्रापासून दूर. तिने समुद्र पूर्वी एकदाच, तोही मुंबईस कठड्यावरून पाहिलेला. परत आल्यावर ती आपली वही घेऊन मला भेटावयास आली.

वहीचा बराच भाग हरिहरेश्वरच्या खडकांनी व्यापला आहे. तेथे लाटांनी झिजून सपाट झालेले खडक ओहोटीला उघडे पडतात. विद्यार्थ्यांनी वरच्या कोरड्या खडकापासून पाण्यापर्यंत एक दोरी ताणली, तिच्यावर ठरावीक अंतराने दहा ठिकाणी अर्धा मीटर बाजूची लाकडी चौकट ठेवली, आणि चौकटीत सापडणारा प्रत्येक जीव मोजला. अगदी वर, जेथे केवळ तुषार पोहोचतात, तेथे मिरीएवढ्या गोगलगाई, त्याखाली चुन्याच्या इवल्याशा सुळक्यांसारखे खडकाला घट्ट बसलेले बार्नेकल, पुढे कालवे, आणि सर्वांत खाली, ओहोटीतही जेथे ओल हटत नाही तेथे, शेवाळ व समुद्रफुले. समुद्रफूल हा फुलासारखा दिसणारा प्राणी आहे. बोट लावताच तो मिटतो. वरच्या जिवाला उन्हात तग धरावी लागते, खालच्याला शत्रूंपासून आणि जागेच्या टंचाईपासून वाचावे लागते. म्हणून प्रत्येकाचा पट्टा ठरलेला. पुस्तकात ही गोष्ट चार ओळींत येते. तिने ती गुडघ्यांवर बसून, मोजून पाहिली.

परंतु मोजणीच्या मुख्य दिवशी एक घोटाळा झाला. तो दिवस द्वितीयेचा होता. छापील कार्यक्रमपत्रिकेत आठ वाजता न्याहारी लिहिली होती आणि ती आठलाच झाली. मंडळी खडकावर पोहोचली तेव्हा पाणी परतू लागले होते. आठ चौकटी मोजून झाल्या. नववी व दहावी पाण्याखाली गेली. जवळच जाळे सुकवीत बसलेले एक वृद्ध कोळी हे सारे पाहत होते. ते तिला म्हणाले, "बाय, आज तीथ कोणती ते बघितलंस काय? तिथीची पाऊणपट कर, तेवढ्या वाजता भरती."

हा कोकणातला जुना ठोकताळा आहे. द्वितीयेचा पाऊणपट दीड, म्हणून दीड वाजता पूर्ण भरती. त्यानंतर सहा तासांहून थोड्या अधिक वेळाने, म्हणजे पावणेआठच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. चतुर्थीस भरती तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता. चंद्रामुळे भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते, तेच हे गणित. सहावी-सातवीच्या मुलांस पंचांग हाती देऊन ते सहज करवून घेता येईल. मात्र मुलांना प्रत्यक्ष खडकावर न्यायचे असेल तेव्हा ठोकताळ्यावर न विसंबता भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके पाहावीत, आणि न्याहारीची वेळ त्यांवरून ठरवावी.

वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखण्याचे काम ग्रामस्थ व चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था यांनी २००२ साली सुरू केले. वाळूतील अंडी कुंपणात हलवून पुन्हा पुरतात, आणि पिले वर येऊ लागली की त्यांना पाण्याकडे सोडतात. घरट्यातील वाळू अधिक तापली तर माद्या जास्त निपजतात, थंड राहिली तर नर, हे ऐकून विद्यार्थिनीने घरट्यांवरील सावलीविषयी कितीतरी प्रश्न लिहून ठेवले आहेत. रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रातील देवमाशाच्या सांगाड्यास मात्र तिने दोनच ओळी दिल्या; काचेपलीकडील वस्तूंवर तिचे मन बसले नाही.

मालवणात मुक्काम अष्टमीस होता. येथील सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले; पाण्याखाली प्रवाळ आहे. खाडीकाठी तिवराचे पान जिभेला लावून तिने मिठाची चव घेतली, कारण हे झाड नको असलेले मीठ पानांवाटे बाहेर टाकते. पण तिचे खरे लक्ष होते खडकाकडे. हरिहरेश्वरास रुंद असलेले पट्टे येथे अरुंद दिसत होते. प्रथम तिला आपली मोजणी चुकली असे वाटले. मग तिने लिहिले की दक्षिणेकडे भरती कमी चढते. तिच्या प्राध्यापकांनी विचारले, "आज अष्टमी आहे. आज भांगाची भरती, पाणी सर्वत्रच कमी चढते-उतरते. मग हे दक्षिणेमुळे की तिथीमुळे?" ती रात्रभर विचार करीत होती. सकाळी तिने उत्तर दिले : पाणी तिथीगणिक बदलते, परंतु खडकाला चिकटलेले बार्नेकल तिथीगणिक जागा बदलीत नाहीत, तेव्हा पट्ट्यांची रुंदी एका दिवसाची नसून बारमाही भरतीची नोंद आहे. प्राध्यापकांनी ते मान्य केले. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतील फरक देशात सर्वांत मोठा असून तेथून दक्षिणेकडे तो उतरत जातो, हेही सांगितले. आणि लाटांच्या जोराचाही पट्ट्यांवर परिणाम होतो, तो अद्याप तिने पाहिलेला नाही, असे बजावले. वर्ग एकाच गावी राहिला असता तर हा प्रश्नच उद्भवला नसता.

वही चाळताना माझे बोट हरिहरेश्वरच्या तक्त्यावर थांबले. नववे व दहावे घर रिकामे होते. समोर लिहिले होते, 'पाणी आले.' तिच्या सोबत्यांनी आदल्या घरांवरून अंदाज बांधून ती घरे भरली होती. मी सवयीने विचारले, "ही दोन घरे रिकामी का ठेवलीस?"

ती किंचित हसली. म्हणाली, "गुरुजी, सातवीत मी हवामानाच्या तक्त्यात तीन दिवस रिकामे ठेवले होते. मला ताप होता. तुम्ही ते भरून आणायला सांगितलेत. मी भरले. तुम्ही दहापैकी दहा गुण दिलेत."

मला ती गोष्ट आठवत नव्हती. तिला आठवत होती, आणि तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणून ती अधिक लागली. शाळातपासणीस जाताना मीही आजवर भरलेले तक्ते पाहूनच समाधान मानीत आलो. पर्जन्यमापक फुटलेला आणि तक्ता मात्र मिलिमीटरपर्यंत पूर्ण, असेही मी पाहिले आहे व त्यावर सही केली आहे. या वर्षापासून माझ्या बीटातील शाळांत हवामानाच्या तक्त्यातील रिकामे घर, पुढे कारण लिहिलेले असल्यास, पूर्ण समजले जाईल. त्याबद्दल कोणत्याही मुलाचे गुण कापू नयेत.

त्या दोन घरांची पुढील हकीकत वहीतच आहे. दुसऱ्या दिवशी, तृतीयेस, गाडी निघण्यापूर्वी ती एकटी परवानगी घेऊन साडेआठला खडकावर गेली. नववी चौकट उघडी होती. तिने मोजली आणि वेगळ्या शाईने, तारीख घालून आकडे लिहिले. दहाव्या चौकटीपर्यंत पाणी त्या दिवशी उतरले नाही; उधाण ओसरू लागले होते. ते घर अजून रिकामे आहे.