उष्णतेने वाकणारी पट्टी

शिरपूर तालुक्यातील पुष्कळ मुलांनी बैलगाडीच्या चाकावर धाव चढविताना पाहिलेले नसेल. रबरी टायरांमुळे तो प्रसंग दुर्मिळ झाला आहे. तथापि प्रसरणाचा पाठ तेथूनच सुरू करावा. चार मीटर परिघाची लोखंडी धाव गोवऱ्यांच्या जाळात ५०० अंश सेल्सियसने तापली, तर तिचा परिघ सुमारे २.४ सेंटिमीटरने वाढतो. ती लाकडी चाकावर बसवून पाणी ओतले की आकसून चाक आवळते.

पितळ मात्र तेवढ्याच उष्णतामानवाढीने लोखंडाच्या सुमारे दीडपट प्रसरण पावते. म्हणून दोहोंच्या पट्ट्या एकमेकींस पक्क्या जोडून तापविल्यास जोडपट्टी लोखंडाच्या बाजूस वाकते. विजेच्या इस्त्रीतील उष्णतानियंत्रकाचे मर्म हेच. पट्टी पुरेशी वाकली की स्पर्शबिंदू सुटून प्रवाह थांबतो. निवून सरळ झाली की पुन्हा जुळतो. ‘टक्’ असा आवाज होतो तो याचाच. चकती पुढे फिरविल्याने इस्त्री लवकर तापते, हा समज मुलांतच नव्हे, शिक्षकांतही आढळतो. पट्टी किती वाकल्यावर स्पर्श सुटावा, एवढेच चकतीने ठरते. स्पर्शबिंदू वितळून चिकटले, तर इस्त्री तापतच राहते व आगीचा धोका संभवतो.

वर्गात इस्त्री उघडू नये. कागद चिकटलेल्या ॲल्युमिनियमच्या पन्नीची बोटभर पट्टी चिमट्यात धरून मेणबत्तीच्या ज्योतीच्या बरीच वर न्यावी. ती कागदाच्या बाजूस वाकेल. येथे पितळाची जागा कोणी घेतली, हे मुलांनाच विचारावे. कागदातील ओल उडाल्यानेही तो आकसतो. त्यामुळे निवल्यावर पट्टी पूर्ण सरळ न झाल्यास शिक्षकांनी गोंधळू नये.