धडधाकट कोंबडीपासून होणारा रोग

सन २०२२ च्या फेब्रुवारींत आमच्या ठाणें जिल्ह्यांत, शहापूर तालुक्यांतील वेहळोली येथें, बर्ड फ्लूनें कोंबड्या मेल्या. मरतूक दिसली म्हणजे मनुष्य सावध होतो. साल्मोनेला जंतूचें तसें नाहीं. तो धडधाकट कोंबडीच्या आंतड्यांत राहतो आणि विष्ठेवाटे पिसांस, अंड्याच्या कवचास व अंगणाच्या मातीस लागतो. कोंबडी मजेंत चरते. पिल्लाचा मुका घेणारें मूल मात्र ज्वर, पोटदुखी व हगवण यांनीं अंथरुणास खिळतें.

मांजराच्या भयानें रात्रीं कोंबड्या घरांतच डालग्याखालीं झांकण्याची चाल आहे. ती सोडणें गरिबास कठीण, हें आम्ही जाणतों. निदान त्या कोपऱ्यांत पाण्याचा हंडा ठेवूं नये व मूल निजवूं नये. कोंबडी असो, कुत्रें असो, हात लावल्यावर साबणानें धुवावा.

अंड्याचा बलक घट्ट होईतों तें उकडावें. गणेशपुरीच्या ऊन पाण्याच्या कुंडांत मनुष्य स्नान करितो. तेवढ्या उष्णतेनें हा जंतु मरेल असें समजूं नये. मांस आंतपर्यंत ७० अंशांवर तापलें पाहिजे.

हगवण लागलेल्या मुलास मीठसाखरेचें पाणी पाजीत राहावें. शौचांत रक्त दिसलें किंवा मूल सुस्त पडलें, तर त्याच दिवशीं दवाखान्यांत न्यावें.