टॉर्च नंतर, आधी हाक

अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर बसलेल्या नातेवाइकांची एक तक्रार हमखास ठरलेली असते. "सिस्टर, त्याला जरा झोपू द्या ना! दर तासाला हाका मारता, डोळ्यांत बॅटरी मारता, चिमटे काढता." डोक्याला मार लागलेल्या किंवा मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णांच्या बाबतीत ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे की, परिचारिकांना मज्जासंस्थेचा पाठ शिकवताना मी तिथूनच सुरुवात करते. आजचा लेख प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे. पण दाराबाहेर बसणाऱ्यांनीही तो वाचायला हरकत नाही.

मोठ्या माणसाची कवटी म्हणजे हाडाची बंद पेटी. तान्ह्या बाळाची टाळू भरलेली नसते, म्हणून त्याची पेटी थोडी ताणली जाते. आपली ताणली जात नाही. या पेटीत तीन गोष्टी असतात. सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा मेंदू, रक्तवाहिन्यांतले रक्त आणि मेंदूभोवतीचे पाणी. हे पाणी दिवसाला साधारण ५०० मिलिलिटर तयार होते आणि तितकेच शोषले जाते. मेंदू व मज्जारज्जूभोवती मिळून कोणत्याही वेळी ते सुमारे १५० मिलिलिटर असते. या तिघांपैकी एकाची जागा वाढली तर दुसऱ्याची कमी व्हायलाच हवी. अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये मांडलेला हा विचार आजही अतिदक्षता विभागातल्या कामाचा पाया आहे.

आता समजा, दुचाकीवरून पडून एखाद्याच्या कानशिलाला मार लागला. कानशिलाचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतल्या बाजूने एक धमनी जाते. हाड तडकले की ती फाटते आणि हाड व मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागते. सुरुवातीला शरीर जागा करून देते. पाणी पाठीच्या कण्याकडे सरकते, शिरांमधले रक्त बाहेर जाते. या काळात रुग्ण शुद्धीवर असतो, बोलतो, चहा मागतो, क्वचित "मला काही झाले नाही" म्हणून घरी जायलाही निघतो. पण मोकळी करण्याजोगी जागा संपली की, मग थोड्याशा रक्तानेही दाब झपाट्याने वाढतो. म्हणूनच दोन तास बरा असलेला माणूस पुढच्या वीस मिनिटांत बेशुद्ध होऊ शकतो.

कवटीतला दाब एरवी ५ ते १५ मिलिमीटर पारा इतका असतो. मेंदूला रक्त पोहोचवणारा जोर म्हणजे सरासरी रक्तदाबातून हा आतला दाब वजा केल्यावर जे उरते ते. सरासरी रक्तदाब ९० आणि आतला दाब १० असेल तर ८० उरतात. रक्तदाब ७० वर आला आणि आतला दाब ३० झाला तर उरतात फक्त ४०. प्रौढ रुग्णात हा आकडा ६० ते ७० च्या आसपास ठेवायचा असतो. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा दोन टक्के, पण प्राणवायूच्या खर्चात सुमारे वीस टक्के. त्याला उधारी चालत नाही. डोक्याच्या रुग्णाचा रक्तदाब थोडा वेळ जरी घसरला तरी आम्ही धावपळ का करतो, ते या वजाबाकीत आहे.

हा दाब वाढत असताना आधी काय बिघडते? माझ्या मते सगळ्या पाठात हाच प्रश्न महत्त्वाचा, आणि नेमका इथेच नवीन मुलींचा घोटाळा होतो. त्यांना वाटते बाहुली. बाहुली नव्हे, आधी बिघडते ते भान. जागेपण टिकवणारे चेतातंतूंचे जाळे मेंदूच्या देठात असते आणि तिथून मोठ्या मेंदूच्या दोन्ही भागांना जागे ठेवले जाते. ही व्यवस्था फार नाजूक. रुग्ण चिडचिडा होतो, अंथरुणात चुळबुळ करतो, सलाईन ओढतो, कालचेच परत विचारतो किंवा नुसताच जास्त झोपतो. "आता शांत झोपलाय" हे वाक्य रात्रपाळीत ऐकले की मी खाटेजवळ जाऊन हाक मारतेच.

बाहुली त्यानंतरची. मोठा मेंदू आणि लहान मेंदू यांच्यामध्ये एक कडक पडदा असतो. दाबाने मेंदूचा आतला काठ त्या पडद्याच्या कडेवरून खाली सरकू लागतो आणि तिथून जाणारी तिसरी मस्तिष्क-चेता चेपते. बाहुली लहान करणारे तंतू या चेतेच्या पृष्ठभागाजवळ असल्यामुळे ते आधी मरगळतात. त्या बाजूची बाहुली मोठी होते, प्रकाशाला मंद प्रतिसाद देते आणि नंतर देतच नाही. रक्तदाब चढणे, नाडी मंद होणे आणि श्वास अनियमित होणे ही त्रयी हार्वे कुशिंग यांच्या नावाने ओळखली जाते. ती त्याहूनही उशिरा येते. तिची वाट पाहणे म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणणे.

म्हणून टॉर्च नंतर, आधी हाक. हाकेचे मोजमाप ग्लासगोच्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये दिले. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६ असे कमाल १५ गुण, किमान ३. आठ किंवा त्याहून कमी म्हणजे गाढ बेशुद्धी. पण नुसती बेरीज कळवू नका, तिन्ही गुण वेगळे सांगा. आधीपेक्षा दोन गुण घसरले तर डॉक्टरांना ताबडतोब उठवायचे. हालचालीचा एक गुण घसरला तरीही.

यात बारकावे आहेत. "माझा हात दाब" म्हटल्यावर रुग्णाने दाबला, एवढ्यावर सहा गुण देऊ नयेत. तळहाताला स्पर्श झाल्यावर मूठ आपोआपही मिटते. "आता सोड" म्हटल्यावर सोडली तर खरे. डोळे सुजून मिटले असतील किंवा घशात नळी असेल तर तिथे एक गुण न लिहिता "तपासता आले नाही" असे लिहावे. आणि बोलण्याबद्दल आमच्या खान्देशातली गोष्ट सांगते. अहिराणीत नीट उत्तर देणारी आजी परप्रांतातून आलेल्या सिस्टरला "असंबद्ध बोलते" अशी वाटू शकते. आजीला इंग्रजी तारीख विचारू नये, महिना विचारावा. ती भाद्रपद म्हणाली आणि भाद्रपद चालू असेल, तर पूर्ण गुण.

बाहुलीलाही फसवे रूप असते. सुमारे पाचातल्या एका निरोगी माणसाच्या बाहुल्यांत मुळातच थोडा फरक असतो. शेतीच्या औषधाची विषबाधा झालेल्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, आणि त्यालाच अ‍ॅट्रोपिन दिले की मोठ्या. मोतिबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही बाहुली वेडीवाकडी राहू शकते.

सेवेचे नियमही त्या बंद पेटीतूनच निघतात. कण्याला इजा नसेल आणि रक्तदाब ठीक असेल तर डोक्याकडची बाजू ३० अंश वर, मान सरळ. मान वळली किंवा श्वासनळीची पट्टी घट्ट बसली की मानेच्या शिरा दबतात आणि रक्त आत तुंबते. कफ ओढताना आधी प्राणवायू द्यावा आणि एका वेळी १० ते १५ सेकंदांपेक्षा जास्त ओढू नये. ताप उतरवावा, कारण तापाने मेंदूची भूक वाढते. पाच टक्के डेक्स्ट्रोजची बाटली अशा रुग्णाला सहसा लावू नये. साखर खर्च झाल्यावर उरते नुसते पाणी, आणि ते मेंदूची सूज वाढवते.

पाळी बदलताना दोघींनी मिळून रुग्ण तपासावा. एकीचे "हाकेला ओ देतो" दुसरीला वेगळे वाटू शकते.

आणि दाराबाहेरच्यांनो, रुग्णाला कमी ऐकू येते का, पूर्वीचा अर्धांगवायू आहे का, डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का आणि घरी तो कोणती बोली बोलतो, हे पहिल्याच दिवशी सिस्टरला सांगून ठेवा. घरात ज्या नावाने त्याला हाक मारता तेही सांगा. आम्ही त्याच नावाने उठवू.