आधी कार्ड, मग कॅमेरा

गोदावरीच्या काठी वसलेल्या आणि वर गंगापूर धरणातून विसर्ग वाढल्याची वर्दी येताच ज्याच्या पेठेतील दुकानदार खालच्या फळीवरचा माल मुकाट्याने वरच्या फळीवर चढवू लागतात, अशा सायखेड्यासारख्या गावात छायाचित्र ही निव्वळ हौसेची बाब राहत नाही. पूर ओसरल्यावर तलाठी पंचनाम्याला येतो. परंतु तो येईपर्यंत चिखल उपसून घर राहण्याजोगे करणे घरच्यांना भागच पडलेले असल्यामुळे, खचलेली भिंत कोठवर भिजली होती आणि चाळीतला कांदा किती गेला, याचा पुरावा म्हणून पुढे ठेवायला घरातल्या लहानशा डिजिटल कॅमेऱ्यातील चित्राखेरीज पुष्कळदा दुसरे काही हाती नसते. २०१६ आणि २०१९ या दोन्ही वर्षी ऑगस्टच्या आरंभीच गोदावरीचे पाणी सायखेड्यात आणि पलीकडे चांदोरीत शिरले, तेव्हा मोबाइल पुष्कळांच्या हाती आलेला असला तरी लग्नाकार्यासाठी घेतलेले जुने कॅमेरेही कपाटांतून बाहेर निघाले आणि त्यांतले काही चिखलासह माझ्या टेबलावर आले. मी कॅमेरादुरुस्तीच्या विद्येचा पदवीधर नव्हे. बारीक पेचकस, भिंग आणि सवड या तीन गोष्टी माझ्यापाशी आहेत एवढ्याच भांडवलावर लोक विश्वास टाकतात, आणि त्या विश्वासापायी जे पाहण्यात आले ते येथे नमूद करतो.

पहिल्या पुरानंतर गोदाकाठच्या एका मळ्यातील शेतकरी रुमालात गुंडाळलेला कॅमेरा घेऊन आले. "नाना, हिची नळी बाहेर आली ती आत जाईना, तेवढी बसवून द्या," एवढीच त्यांची मागणी होती. भिंगाची नळी अर्धवट बाहेर येऊन किंचित तिरपी थांबली होती, तिच्या दोन कड्यांमधल्या फटीत गाळाची मऊ, राखी रंगाची रेघ वाळून घट्ट झाली होती, आणि कळ दाबली की आतून दोनदा कुरकुर होऊन पडद्यावर लेन्स एरर ही अक्षरे उमटत व सर्व काही मालवून जाई. मी नळीला हात न लावता प्रथम खालचे झाकण उघडून कार्ड बाहेर काढले, ते त्यांना रुचले नाही. दुरुस्ती कॅमेऱ्याची सांगितली असता हा माणूस भलतेच काढून बसला, असे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. परंतु त्या नखाएवढ्या कार्डात त्यांच्या पडलेल्या चाळीची चित्रे होती आणि कॅमेऱ्याची बाजारातली किंमत त्या चित्रांपुढे काहीच नव्हती. माझ्या मते या यंत्राच्या दुरुस्तीचा सारा विचार येथूनच सुरू व्हावयास हवा: यंत्र दुय्यम, त्यातला ऐवज मुख्य. ऐवज सुरक्षित झाला की मग यंत्रावर हवे ते प्रयोग करावेत.

ज्या कॅमेऱ्यात कार्ड नसून चित्रे अंगच्याच स्मृतीत आहेत, किंवा कार्ड वाचण्याचे साधन जवळ नाही, त्याच्यासाठीही एक युक्ती आहे. चित्रे पाहण्याची जी त्रिकोणी खुणेची कळ असते ती दाबून धरून कॅमेरा चालू केल्यास बहुतेक जातींत भिंग बाहेर येत नाही. त्यामुळे नळी अडकलेली असतानाही पडदा उजळतो आणि तारेने संगणकाला जोडून चित्रे उतरवून घेता येतात.

आता त्या नळीविषयी. ती एकात एक बसणाऱ्या दोन-तीन कड्यांची असून कड्यांच्या आतल्या अंगाला तिरक्या खाचा असतात, आणि एक चिमुकली मोटर प्लॅस्टिकच्या दातेरी चाकांकरवी त्यांना फिरवून पुढे-मागे नेते. नळी नियत वेळेत नियत जागी पोहोचली किंवा नाही हे आतली यंत्रणा पाहत असते. वाळूच्या एका कणाने ती अडली, पिशवीत कळ दाबली जाऊन कापडाला टेकली, किंवा मध्येच बॅटरीचा दम संपला, तर कॅमेरा दात मोडण्याऐवजी स्वतःहून थांबतो. तेव्हा ते बंद पडणे हा पुष्कळ वेळा बिघाड नसून सावधगिरी असते, आणि वारंवार कळ दाबून त्या सावधगिरीवर मात करू पाहणे हाच खरा बिघाडाचा मार्ग होय. बॅटरी पूर्ण भरावी; रबरी फुग्याने कडेकडेने हवा मारावी; जाड कागदाची पट्टी फटीतून अलगद फिरवून वाळलेला गाळ मोकळा करावा; आणि मग भिंग जमिनीकडे करून कॅमेरा चालू करावा, म्हणजे सुटलेला कण आत जाण्याऐवजी खाली पडतो. कॅमेरा पडल्यामुळे नळी तिरपी झाली असेल तर बोटांनी हलकेच सरळ दाब देऊन ती खाचेत बसल्याचा बारीकसा टक् असा आवाज ऐकू येतो, परंतु हा अखेरचा उपाय आहे आणि त्यात नळी कायमची जाण्याचा संभव पत्करावा लागतो. तेल मात्र एक थेंबही नको, कारण ते भिंगावर पसरते आणि उरलेली धूळ धरून ठेवते. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा तर त्याहून वाईट; ती कण बाहेर काढीत नाही, थेट आतल्या संवेदकापर्यंत पोहोचवते. त्या शेतकऱ्याची नळी कागदाच्या पट्टीने सुटली, हे माझ्या कौशल्यापेक्षा त्यांच्या धीराचे फळ होते. कारण मध्ये किती दिवस गेले तरी त्यांनी एकदाही कळ दाबून पाहिली नव्हती.

चित्रे निघाली तरी त्यांच्या कामात एक विघ्न आलेच. चित्राच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत जी तारीख उमटली होती ती पुराची नव्हतीच, ती होती एक जानेवारीची आणि तीही कित्येक वर्षांपूर्वीची. कॅमेऱ्याच्या पोटात घड्याळापुरती एक इवलीशी बॅटरी असते आणि ती मुख्य बॅटरीच्या आधारावर जगते. मुख्य बॅटरी काढून कॅमेरा महिनेन् महिने कपाटात ठेवला की ती रिती होते आणि घड्याळ कारखान्यातून निघालेल्या तारखेवर परत जाते. पुढे चालू करताच कॅमेरा तारीख विचारतो, आणि घाईत आपण तो प्रश्न ओलांडून पुढे जातो. त्या प्रकरणात पंचांच्या सह्या भक्कम होत्या म्हणून निभावले. एरवी तहसील कचेरीच्या दप्तरात शंका निघायला तेवढे निमित्त पुरे असते. भरलेली बॅटरी एक-दोन दिवस आत ठेवली की घड्याळाची बॅटरी बहुधा पुन्हा भरते. तशी ती भरत नसेल तर दर खेपेस तारीख लावण्याची शिस्त बाळगावी, किंवा चित्रात त्या दिवसाचे वर्तमानपत्र येऊ द्यावे.

पेन्सिल सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांच्या तक्रारी तर बहुतांशी सेलच्याच असतात. घड्याळात वर्ष काढणारा साधा सेल कॅमेऱ्यात चार चित्रेही काढू देत नाही, कारण भिंगाची मोटर आणि फ्लॅश एकदम जेवढी वीज ओढतात तेवढी देण्याची ताकद त्याच्यात नसते, उलट १.२ व्होल्टचा पुन्हा भरता येणारा निकेल-मेटल हायड्राइड सेल १.५ व्होल्टच्या साध्या सेलपेक्षा आकड्याने उणा असूनही तेथे तग धरतो. बॅटरीला थंडीही बाधते, आणि आमच्या निफाड तालुक्यातील थंडीची कीर्ती राज्यभर आहेच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातले नीचांकी तापमान डिसेंबर-जानेवारीत वर्तमानपत्रांत छापून येते. त्या थंडीत पहाटे नांदूरमध्यमेश्वरच्या जलाशयावर पक्षी टिपायला गेलेला माणूस बॅटरी संपली म्हणून हिरमुसतो, आणि तीच बॅटरी खिशातल्या उबेत थोडा वेळ राहिली की पुन्हा जागी होते. गोदावरी-कादवाच्या संगमावरचे ते पाणी महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ असल्याने तेथे येणाऱ्यांची गर्दी वाढली आहे, आणि तेथून आलेल्या अस्पष्ट चित्रांची तक्रारही मी पुष्कळ ऐकतो. तिच्यात बहुधा कॅमेऱ्याचा दोष नसून डिजिटल झूम नावाच्या मोहाचा असतो, कारण तो झूम दूरचे जवळ आणीत नाही, हाती असलेले कापून ताणतो.

सेल आत विसरून वर्ष गेले की तो पाझरतो व कप्प्यात पांढरी खरपुडी धरते. अल्कलाइन सेलची ही खरपुडी क्षारधर्मी असते, म्हणून लिंबाचा रस काडीला गुंडाळलेल्या कापसावर नाममात्र घेऊन ती पुसावी आणि मागाहून स्पिरिटने कोरडे करावे. द्राक्षबागांत भुरीसाठी गंधकाची भुकटी धुरळण्याच्या दिवसांत बागेत वावरलेल्या कॅमेऱ्याची धातूची टोके काळवंडून येतात, त्यांना खोडरबर पुरते. मात्र चपटी लिथियम बॅटरी फुगलेली दिसली तर ती पकडीने उपसू नये, टोचू तर मुळीच नये. तिला आग लागते.

पुरात बुडालेल्या कॅमेऱ्यांपैकी बहुतेक पाण्याने नव्हे, उतावीळपणाने मेले, असे मी निःशंकपणे म्हणू शकतो. तो बाहेर काढताच चालतो का पाहू म्हणून कळ दाबली जाते, आणि ओल्या मंडलातून वीज वाहताच जे जळायचे ते जळते. बॅटरी व कार्ड तत्काळ काढावे. कार्ड स्वच्छ पाण्यात विसळून सावलीत वाळवले तर बहुधा सुखरूप असते. कॅमेरा झाकणे उघडी ठेवून पंख्याच्या वाऱ्यात आठवडाभर राहू द्यावा. त्याला उन्हात टाकू नये, आणि तांदळाच्या डब्यात पुरण्याची जी रीत हल्ली पसरली आहे तिचा उपयोग तांदळाची भुकटी फटींत भरण्याखेरीज मला दिसलेला नाही. पावसाळ्यात दमटपणामुळे भिंगावर बुरशीचे जाळे धरते. चामड्याच्या पाकिटात तर ते हमखास धरते. तेव्हा आषाढापासून कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा, आणि निळे खडे गुलाबी झाले की ते तापवून पुन्हा वापरावेत.

कार्डाचा प्रश्न वेगळा. त्याच्या कडेची बारीक खिट्टी खाली सरकली की ते कुलूपबंद होते, आणि एवढ्यावरून नवे कार्ड विकत घेणारे मी पाहिले आहेत. शिवाय जुने कॅमेरे बहुधा २ जीबीपर्यंतचेच साधे कार्ड ओळखतात. त्यांत ३२ जीबीचे कार्ड घातले तर दोष कोणाचाच नसतो, तरी काम अडते. परंतु पडद्यावर कार्ड फॉरमॅट करू का असा प्रश्न आला असता होय म्हणणे, हे मात्र सर्वांत महाग पडते. तरीही कोणी तसे केलेच, तर निराश होण्याचे कारण नाही. सातबाऱ्यावरून नाव कमी झाले म्हणून जमीन जागची हलत नाही. तसेच पुसलेल्या चित्राची केवळ नोंद जाते, चित्र त्याच जागी पडून असते, आणि त्या जागेवर नवे चित्र चढेपर्यंत फोटोरेकसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमने ते परत काढता येते. म्हणून कार्ड त्याच क्षणी बाहेर काढावे आणि त्यावर एकही नवे चित्र घेऊ नये. माझ्या परिचयातल्या एका कुटुंबाने कार्डासकट कॅमेरा शहरातल्या एका दुकानात नळीसाठी दिला; तेथे चाचणीसाठी ते कार्ड फॉरमॅट होऊन वर नव्या चित्रांनी भरले गेले, आणि मुलीच्या साखरपुड्याची चित्रे परत आली नाहीत.

कांद्याच्या चाळीत फ्लॅश टाकून काढलेल्या चित्रांत पांढरे वाटोळे ठिपके येतात, त्यांना कोणी देव म्हणतो, कोणी भूत. भिंगाजवळच्या फ्लॅशचा उजेड टरफलांच्या तरंगत्या भुकटीवर पडून ते उमटतात, आणि फ्लॅश बंद केला की दोघेही निघून जातात.

याउलट चित्र जांभळे, पट्ट्यापट्ट्यांचे किंवा पूर्ण काळे येऊ लागले तर घरगुती उपाय थांबवावेत. २००५ च्या ऑक्टोबरात जपानी कंपन्यांनी एकामागून एक जाहीर केले की सोनीने बनवलेल्या, अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत बसवलेल्या काही सीसीडी संवेदकांचे आतले जोड उष्ण व दमट हवेत सुटतात. तेव्हा ते फुकट बदलून मिळत. आता ती मुदत इतिहासजमा झाल्याने तसा कॅमेरा दुसऱ्याला सुटे भाग देण्यापुरताच उपयोगी. आणि ते भाग काढण्यासाठी पेचकस हाती घेणाऱ्याने हे पक्के ध्यानात ठेवावे की फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्टचा दाब साठलेला असतो आणि बॅटरी काढल्यावरही तो बराच काळ तेथेच मुक्काम करतो.

म्हणून नळीच्या आत जायचे काम ज्याचे त्याला द्यावे; मात्र देताना कार्ड आणि बॅटरी घरी ठेवावी, कॅमेऱ्याच्या तळाचा क्रमांक पावतीवर लिहवून घ्यावा, खर्च कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा जास्त निघाला तर उघडण्यापूर्वी विचारायचे आहे हे बजावावे, आणि दुकानदार "उद्या या" म्हणाला तर त्या उद्याची तारीखही पावतीवर घालून घ्यावी.