शेळीपालकाचा समाजमाध्यमांवरील परिचय

धाराशिव जिल्ह्यातील पाऊस बेभरवशाचा आणि शेती बहुतांशी कोरडवाहू. अशा परिस्थितीत शेळीपालन हा येथील शेतकरी कुटुंबाचा पूर्वापार जोडधंदा आहे. बहुधा काळ्या रंगाची, जुळी करडे देणारी व मांसाकरिता नावाजलेली उस्मानाबादी शेळी ही याच भागाची देणगी होय. २०२३ साली जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. जातीचे नाव मात्र उस्मानाबादी असेच चालू आहे.

या जातीची कीर्ती महाराष्ट्राबाहेर पोहोचली आहे. परंतु तिच्या पाळणाऱ्याचे नाव आठवडी बाजाराच्या पलीकडे क्वचितच जाते. शेळी दलालाच्या हाती गेली की ती कोणाच्या गोठ्यात वाढली हे कोणी विचारीत नाही. परिणामी पैदाशीस योग्य असा जातिवंत बोकडही कित्येकदा कत्तलीच्या भावाने विकला जातो. पैदाशीच्या जनावरास अधिक मोल मिळते ते त्याची जात, त्याचे आरोग्य आणि पाळणाऱ्याचा शब्द यांवर. हा शब्द दूरच्या खरेदीदारापर्यंत नेण्याचे साधन आज शेतकऱ्याच्या खिशातील मोबाईलमध्ये आहे. सांगली भागातील हळद उत्पादकांनी २०१२ साली फेसबुकवरून परस्परांशी संपर्क साधला आणि भाव पडलेले असताना माल रोखून धरण्याचा विचार एकमेकांपर्यंत पोहोचविला. बोलणाऱ्याची अंबाडी विकते, न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत, ही म्हण शेळीपालकानेही ध्यानात ठेवावी.

माध्यमाची निवड

सर्व माध्यमे एकदम हाती घेऊ नयेत. एकच माध्यम नियमितपणे चालविणे अधिक हितावह असते. प्रारंभी धंद्याकरिता स्वतंत्र मोबाईल क्रमांक घेऊन त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस सुरू करावे. त्यास मूल्य पडत नाही. त्यात गोठ्याचे नाव, गाव, तालुका व भेटीची वेळ नोंदविता येते. दुसरी पायरी फेसबुकची. तेथे खाजगी खात्याऐवजी धंद्याचे पान उघडावे. कारण खाजगी खात्यास पाच हजार मित्रांची मर्यादा असते, शिवाय घरगुती व व्यावहारिक मजकुराची सरमिसळ होते. गोठ्याची रचना, चारा व निगा यांची सविस्तर माहिती देण्याची हातोटी साधल्यावर यूट्यूबकडे वळावे. सर्व ठिकाणी नाव व छायाचित्र एकच ठेवावे, म्हणजे ओळख पटण्यास अडचण पडत नाही.

नोंदवही हाच पाया

ज्या गोठ्यात नोंदवही नाही, त्या गोठ्याच्या पानावर सांगण्यासारखे फारसे काही नसते. म्हणून प्रथम नोंदवही घालावी. प्रत्येक जनावराच्या कानातील बिल्ल्याचा क्रमांक, जन्मतारीख, एकुलते की जुळे, आई व बोकड यांची ओळख, आणि पीपीआर, आंत्रविषार इत्यादी रोगांवरील लसीकरणाच्या तारखा तीत लिहाव्यात. वजन जन्मतः आणि पुढे दर तीन महिन्यांनी वर्षभर घ्यावे. वजन अंदाजाने सांगू नये. काट्यावर घ्यावे व तारखेसह लिहावे.

हीच नोंद छायाचित्रासोबत द्यावी. छायाचित्र सकाळच्या उजेडात, जनावर सपाट जमिनीवर चारही पायांवर नीट उभे असताना बाजूने घ्यावे. दातांचे एक चित्र वयाच्या खात्रीकरिता आणि चालतानाचा छोटा चलत्पट पायांच्या खात्रीकरिता द्यावा. रंग खुलविण्याची साधने वापरू नयेत. चित्रात दिसलेली शेळी व गोठ्यात उभी असलेली शेळी यांत फरक आढळला, तर खरेदीदार एकदाच फसतो. आणि पुढे तोच इतर दहा जणांना सावध करतो.

आठवड्यातून एक-दोन वेळा मजकूर देणे पुरेसे आहे. मात्र विचारणा आल्यास त्याच दिवशी उत्तर द्यावे.

उणिवाही सांगाव्यात

केवळ गुणच दाखविणाऱ्या पानावर जाणकाराचा विश्वास बसत नाही. एखादे करडू दगावले, एखादी शेळी गाभ धरीत नसली, तर तेही सांगावे. विशेषतः कळपात संसर्गजन्य रोग आल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यास तात्काळ कळवून पानावर विक्री बंद असल्याचे जाहीर करावे. त्या महिन्याचे उत्पन्न बुडते हे खरे. परंतु रोगट जनावर विकले गेल्यास दुसऱ्याचा सबंध कळप धोक्यात येतो आणि विक्रेत्याचे नाव कायमचे जाते.

व्यवहार व सावधगिरी

फेसबुकसारख्या माध्यमांच्या नियमांनुसार जनावरांच्या खरेदी-विक्रीच्या जाहिरातींवर निर्बंध आहेत. म्हणून पानाचा उपयोग परिचय व ज्ञानप्रसार यांकरिता करावा आणि सौदा गोठ्यावर, समक्ष वजन करून, पावती देऊन पुरा करावा.

जनावर न पाहताच किंमत मान्य करून पैसे पाठविण्यासाठी क्यूआर कोड धाडणारा खरेदीदार संशयास्पद समजावा. पैसे स्वीकारण्याकरिता कधीही पिन द्यावा लागत नाही, हे घरातील प्रत्येकाने लक्षात ठेवावे. फसवणूक झाल्यास विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे. आधारपत्र, बँकेचे पुस्तक यांची चित्रे पानावर देऊ नयेत. आपली चित्रे दुसऱ्याने वापरू नयेत म्हणून त्यांवर गोठ्याचे व गावाचे नाव घालावे.

सामाईक नावाची जपणूक

काही नावे सर्वांच्या मालकीची असतात. भूम तालुक्यातील कुंथलगिरीच्या खव्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. १९९९ च्या कायद्यान्वये अशा मानांकनाचा वापर नोंदणीकृत अधिकृत वापरकर्त्यांनीच करावयाचा असतो. खवा उत्पादकाने आपल्या पानावर ही नोंदणी व अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक स्पष्ट दाखवावा. उस्मानाबादी शेळीच्या बाबतीतही हीच नीती पाळणे इष्ट होय. संकरित जनावर शुद्ध उस्मानाबादी म्हणून विकणारा स्वतःच्या ग्राहकास तर फसवितोच, शिवाय शेजारच्या प्रामाणिक पशुपालकाचा भावही पाडतो. संकरित असेल तर तसे लिहावे. त्यालाही ग्राहक असतो.

जातीची लक्षणे, लसीकरण व निगा यांविषयी शंका असल्यास जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना किंवा तुळजापूर येथील कृषी विज्ञान केंद्र यांच्याशी संपर्क साधावा. समाजमाध्यमांवरील नाव एका हंगामात उभे राहत नाही. शेळी पाच महिन्यांनी विते, तिच्या पिलांची वाढ दिसण्यास आणखी वर्ष जाते. तितका काळ नोंदी खऱ्या व अखंड ठेवणाऱ्या पशुपालकाचा शब्द दूरचा खरेदीदारही प्रमाण मानू लागतो.