आधी परतीची गाडी : दिंद्रुडहून धारूरचा किल्ला, एसटीने एका दिवसात

सुरुवातीलाच एक कबुली देते. मी शिशुवर्गापासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठी घरात बोलायचे, पण पाढे, घड्याळ, हिशोब सगळं इंग्रजीत. त्यामुळे 'पावणे' आणि 'सव्वा' यांत माझा अजूनही गोंधळ उडतो. एकोणसाठ म्हटलं की आधी बोटं मोजते. हॉस्टेलमध्ये यावरून माझी भरपूर थट्टा होते. शुद्धलेखनाच्या चुका असतील तर त्याही पदरात घ्याव्यात. पण या गोंधळातूनच मी एक गोष्ट शिकले, आणि ती आपल्या सगळ्यांच्या उपयोगाची आहे असं वाटतं, म्हणून हा लेख.

विषय साधा आहे. जवळचा एखादा बुटका डोंगर किंवा किल्ला, स्वतःची गाडी नाही, खिशात मोजके पैसे, आणि संध्याकाळी घरी परतायचंच आहे. अशा ट्रिपचं प्लॅनिंग कसं करायचं?

पहिली ट्रिप, म्हणजे फजिती

माझं आजोळ बीड जिल्ह्यातलं दिंद्रुड. गाव बीड-परळी रस्त्यावर आहे. तिथून तेलगावला जायचं, तेलगावला गाडी बदलायची आणि बालाघाटचा घाट चढून धारूर. गेल्याच्या गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी, माझी रूममेट आणि अकरावीतली मामेबहीण अशा तिघी निघालो. प्लॅन असा काही नव्हताच. "सकाळी निघू, किल्ला बघू, संध्याकाळी येऊ" एवढंच.

सकाळी आवरता आवरता दहा वाजले. तेलगावला पुढच्या गाडीसाठी बराच वेळ थांबलो. धारूरला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावरून कललं होतं. निघण्यापूर्वी तेलगावला एका काकांना विचारलं होतं, "परत दिंद्रुडकडे जायला संध्याकाळी गाडी कधी आहे?" ते म्हणाले, "पावणेसहाला हाय की." मी डोक्यात लिहून ठेवलं, सहा पंधरा.

आम्ही सहा वाजता तेलगावला उतरलो, तेव्हा मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "पंधरा मिनिटं हातात आहेत, चहा घेऊ." चहा घेताना कळलं की गाडी पंधरा मिनिटांपूर्वीच गेली. नोव्हेंबरात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. अंधार पडत होता. काळी-पिवळी जीप येत होत्या त्या गच्च भरून. पुढची गाडी होती, पण तिची वेळ आम्हाला ठाऊक नव्हती. शेवटी मामांना फोन केला. ते पिकअप घेऊन आले. रस्ताभर एक शब्द बोलले नाहीत.

घरी आल्यावर ते मामीला म्हणाले, "एवढ्या जवळच्या किल्ल्यावरनं पोरींना टायमात परत येता येईना, आन् हिला बारावीनंतर हॉस्टेलला ठिवायचं म्हणतेस तू."

मामेबहीण ताटावरून उठून गेली. मला फार वाईट वाटलं. चूक माझी होती, आणि शिक्षा मात्र तिला होणार होती.

चूक नेमकी कुठे झाली?

पावणे-सव्वा ही वरवरची चूक. खरी चूक अशी की आमचा सगळा दिवस एका गाडीवर टांगलेला होता आणि ती चुकली तर काय, याचा विचारच नव्हता. दुसरी चूक म्हणजे आम्ही वेळ सकाळपासून पुढे मोजत गेलो. जिथे उशीर झाला तिथे "होईल की" म्हणत पुढे ढकललं, आणि सगळे उशीर संध्याकाळी एकदम वसूल झाले.

पुढच्याच सेमिस्टरला बांधकाम व्यवस्थापनात क्रिटिकल पाथ मेथड शिकलो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या कामातून ही पद्धत पुढे आली. त्यात आधी फॉरवर्ड पास करतात, म्हणजे प्रत्येक काम लवकरात लवकर कधी होईल ते काढतात. मग बॅकवर्ड पास, म्हणजे शेवटच्या तारखेपासून उलटं येत प्रत्येक काम उशिरात उशिरा कधी झालं तरी चालेल ते काढतात. दोन्हींतला फरक म्हणजे फ्लोट. सर फळ्यावर बाण काढत होते आणि मला तेलगावचा फाटा दिसत होता. आम्ही बॅकवर्ड पास केलाच नव्हता!

आधी डोंगर समजून घ्या

बालाघाटची रचना वेगळी आहे. सह्याद्रीतला किल्ला म्हणजे खालून वर चढायचा सुळका, अशी आपली कल्पना असते. इथे डोंगर वरून सपाट आहे. खाली सिंदफणा-गोदावरीचं खोरं आणि वर पठार. माजलगाव धरण पूर्ण भरलं की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४३१.८० मीटर असते. धारूर त्याहून बऱ्याच उंचावर आहे. ही चढाई एसटीच आपल्यासाठी करते. आपण धारूरच्या स्टँडवर उतरतो ते डोंगरमाथ्यावरच.

किल्ला पठाराच्या टोकावर आहे. तीन बाजूंना खोल दरी आणि चौथी बाजू गावाकडची. तेवढीच बाजू सपाट, म्हणून तिथे खंदक खणून तट भक्कम केला. आदिलशाहीतला सरदार किश्वरखान याने १५६७ च्या सुमारास हा किल्ला बांधला. पुढे तो निजामशाहीकडे आणि १६३१ मध्ये मोगलांकडे गेला. स्थापत्यच्या विद्यार्थ्यांनी एवढं जरूर बघावं, की तीन बाजूंचं काम निसर्गाकडून कसं करून घेतलंय आणि माणसाने आपली मेहनत एकाच बाजूला कशी लावलीय.

घाटातला रस्ता पायी चढायचा मोह होतो. तो टाळावा. रस्ता वळणांचा आहे आणि वाहतूक जड आहे. तेलगावला साखर कारखाना आहे. गाळप सुरू झालं की उसाचे ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाड्या रस्त्यावर असतात. त्याच सुमारास आपल्या भागातून ऊसतोडीला बाहेर निघालेली कुटुंबंही भेटतात, ट्रकवर संसार लादलेला आणि वर लहान पोरं. आपण हौसेने बाहेर पडलेलो असतो, ते पोटासाठी. रस्त्यावर त्यांना वाट द्यावी.

चालायला किती वेळ लागेल?

१८९२ साली स्कॉटलंडच्या नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने एक सोपा नियम दिला. मीटरमध्ये तो साधारण असा सांगतात : सपाटीवर ५ किलोमीटरला १ तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी १ तास.

किल्ल्यातलं फिरणं आम्ही ५ किलोमीटर धरलं, म्हणजे ६० मिनिटं. तटावर, बुरुजांवर चढउतार मिळून १२० मीटर, म्हणजे १२ मिनिटं. एकूण ७२. पण हा नियम न थांबता चालणाऱ्या तरबेज माणसाचा आहे. आपण फोटो काढतो, सावलीत बसतो, कुणाची चप्पल तुटते. म्हणून दुप्पट करायचं, १४४ मिनिटं. म्हणजे अडीच तास (हे 'अडीच' मला आता नीट येतं!). जेवणाचे पाऊण तास वेगळे. एकूण सव्वातीन तास.

उलटं मोजायचं

या जानेवारीत आम्ही दुसऱ्यांदा गेलो, तो कागद असा होता. गाड्यांच्या वेळा बदलत असतात, म्हणून वेळा पाठ करू नका. मोजण्याची रीत बघा.

१) सूर्यास्त सहाच्या सुमारास. मामांची अट, "दिवाबत्तीच्या आत घरात."

२) तेलगावहून दिंद्रुडकडे ५.४५ ची गाडी आहे. पण ती चुकली तर अंधार. म्हणून ती राखीव. आपली गाडी तिच्या आधीची, ४.४५ ची.

३) तेलगावला ४.१५ ला उतरायचं. अर्धा तास फ्लोट.

४) घाट उतरायला ४५ मिनिटं. धारूरहून ३.३० ला निघायचं, स्टँडवर ३ वाजता हजर.

५) किल्ला ते स्टँड पायी अर्धा तास. म्हणजे २.३० ला किल्ल्यातून बाहेर. ही परत फिरण्याची वेळ. सगळ्या कागदात हीच ओळ लाल पेनाने लिहायची.

६) २.३० मधून सव्वातीन तास वजा, ११.१५ ला दरवाजात. स्टँडवर १०.४५ ला. तेलगावहून १० ला. दिंद्रुडहून ९ ची गाडी चालेल, म्हणून आपण ८ ची धरायची.

फ्लोट थोडा थोडा सगळीकडे वाटू नका. तो गाडी बदलण्याच्या ठिकाणी ठेवा, कारण उशीर तिथेच महागात पडतो.

चौकशी कशी करावी

"गाडी कधी आहे?" हा अर्धवट प्रश्न आहे. पुढचे प्रश्न विचारावेत. शेवटची गाडी कितीला? तिच्या आधीची कितीला? ती कुठून सुटते, की मधूनच येते? (लांबून येणारी गाडी उशिरा येऊ शकते.) आपल्या गावाला थांबते का, की जलद आहे? रविवारी आणि सुट्टीलाही धावते का?

दोन वेगळ्या माणसांना विचारावं. एक स्टँडवरचे वाहतूक नियंत्रक आणि दुसरे त्याच मार्गावरच्या गाडीचे कंडक्टर. ऐकलेली वेळ आकड्यात लिहून त्यांना दाखवावी. पावणेसहा ऐकलं की कागदावर ५.४५ लिहायचं आणि "हेच ना काका?" म्हणून विचारायचं. लाज वाटते, पण अंधारात उभं राहण्यापेक्षा बरी.

काळी-पिवळी जीप प्लॅनमध्ये धरू नये. मिळाली तर नशीब. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे, त्यामुळे आमचा खर्चही कमी झाला. तरी सुटे पैसे जवळ ठेवावेत.

सॅकमध्ये काय?

माणशी दोन लिटर पाणी. किल्ल्यात तलाव आहेत, पण ते पाणी पिऊ नये. मामीच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, म्हणजे खराब होण्याची भीती नाही. टोपी, बूट, साधी बँडेजपट्टी, टॉर्च. तटाच्या कडेला कठडा नसतो आणि गवतात दगड हललेले असतात, म्हणून कडेवर सेल्फी नको. प्लॅस्टिक परत आणायचं.

आणि सर्वांत महत्त्वाचं, कागदाची एक प्रत घरी ठेवायची. आम्ही ती मामांच्या कॅलेंडरला टाचली. खाली लिहिलं, "४.१५ ला तेलगावहून फोन करू. ५ पर्यंत फोन आला नाही तर तुम्ही करा." घरचे काळजी करतात ते कधीपासून काळजी करायची हे माहीत नसतं म्हणून. ती वेळ आपणच सांगून टाकली की त्यांचा दिवस शांत जातो.

दुसऱ्यांदा काय झालं

अडीच वाजले तेव्हा दरीकडच्या टोकाचा एक बुरुज बघायचा राहिला होता. समोर दिसत होता. रूममेट म्हणाली, "फक्त दहा मिनिटं गं." मलाही जावंसं वाटत होतं. मामेबहिणीने नुसता कागद पुढे केला. लाल ओळ. आम्ही मागे फिरलो.

घाटात उसाचा ट्रॅक्टर आडवा झाला होता. गाडी पंचवीस मिनिटं जागेवर. तेलगावला ४.४० ला उतरलो. ४.१५ चा फोन आम्ही घाटातूनच केला होता. ४.४५ ची गाडी मिळाली. त्या बुरुजाकडे गेलो असतो तर ३.३० ची गाडी सुटली असती, आणि पुढची गाडी त्याच ट्रॅक्टरमागे किती वेळ थांबली असती कुणास ठाऊक. बुरुज अजून बघायचा आहे. तो चारशेहून जास्त वर्षं तिथे आहे, पुढच्या वर्षीही असेल.

हीच रीत दुसरीकडेही चालते. समजा मुंबईचे मित्र कळसूबाईला निघालेत (१६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर). कसाऱ्यापर्यंत लोकल, तिथून घोटीमार्गे बारी गाव, असा प्रवास. त्यांनी आधी कसाऱ्याहून परतीची लोकल ठरवावी, मग बारीतून निघणारी गाडी, मग शिखरावरून परत फिरण्याची वेळ, आणि सर्वांत शेवटी सकाळचा अलार्म. आपल्या सबमिशनलाही हे चालतं म्हणे, मी अजून करून बघितलेलं नाही.

त्या संध्याकाळी मामा ओसरीवर बसले होते. कॅलेंडरचा कागद त्यांच्या हातात होता. बराच वेळ वाचत होते. मग मला म्हणाले, "तुमच्या कॉलेजला इथनं जायचं म्हणलं तर कंची गाडी? आन् तिकडनं शेवटची कितीला?"

मामेबहीण आतून पळत पेन घेऊन आली. या वेळी आकडे तिने लिहिले.

(तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी, मुलींचे वसतिगृह)